रोह्याला गाडीने गेलो, एसटीने आलो

ठाण्याहून रोह्याला जायचं म्हणजे काही फार मोठा प्रवास नव्हे. लोक सकाळी एसटीत बसतात आणि जेवायच्या वेळेला पोचतात. त्यावर कोणी लिहीत बसावं असं त्यात काही नाही, हे मलाही कळतं. तरी लिहिते आहे, कारण आम्ही जाताना गाडीने गेलो आणि येताना एसटीने आलो, आणि या दोन्हींच्या मध्ये जे झालं ते काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

१९९४ चा डिसेंबर होता. रोह्याच्या आत्यांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या बहिणीने, नवं घर बांधलं होतं. त्याची वास्तुशांत होती. ह्यांना ऑफिसातून रजा मिळेना, मुलांची शाळा बुडवायची नव्हती. शेवटी सासरे आणि मी असे दोघंच निघालो. सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो.

गाडी अण्णांची, आणि ती अगदी अण्णांचीच. माझं लग्न व्हायच्या आधी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली. फिकट निळा रंग, गिअर स्टिअरिंगला, आणि पुढची सीट बाकासारखी सलग. सोसायटीत एकेक करून मारुती आल्या तरी अण्णा दर रविवारी फडकं घेऊन हिच्याभोवती फिरत. सासूबाई होत्या तोवर त्यांच्या शेजारी त्या बसायच्या. त्या गेल्या आणि ती जागा माझ्याकडे आली. लवंग काढून देणं आणि ‘डावीकडे मोकळं आहे, अण्णा’ असं सांगणं, एवढंच तिथलं काम.

पण गेले काही महिने या गाडीला एक खोड लागली होती. तिचा एक फ्यूज उडायचा. बाकीचे सगळे ठणठणीत, हा एकच. त्या एकावर हॉर्न, वायपर आणि ब्रेक दाबल्यावर मागे लागणारे लाल दिवे, असा सगळा संसार. तो उडाला की गाडी चालायची, पण मुकी व्हायची, आणि आपण थांबतोय हे मागच्याला कळायचंच नाही. बरं, रोज उडेल तर शपथ! आठ-पंधरा दिवस एकदम शहाण्यासारखी वागायची. मेकॅनिककडे नेली तर इतकी शहाणी, की तो आमच्याकडेच संशयाने बघायचा.

निघताना ह्यांनी निर्वाणीचं सांगितलं. “अण्णा, या खेपेला हिने रस्त्यात दगा दिला, तर आल्यावर गाडी काढून टाकायची. तुमच्या वयात हे खेळ नकोत.”

“फ्यूज उडतो तो गाडीचा,” अण्णा म्हणाले. “माझा अजून शाबूत आहे.”

मी हसले. पण त्या प्रवासात नुसतं रोह्याला पोचायचं नव्हतं, तर गाडी राखायची होती, हे त्यांच्या ताठ बसण्यावरून मला कळत होतं.

पेण

पनवेल सोडून पुढे आलो तोवर सगळं छान होतं. पेणच्या बाजारात शिरलो, समोर हातगाडीवाला आडवा आला, अण्णांनी हॉर्न दाबला, आणि काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. मग मी खिडकीतून डोकं बाहेर काढून “अहो भाऊ, बाजूला व्हा!” असं ओरडत आम्ही पेण पार केलं. शाळेत शिकवते त्यामुळे आवाजाला तोटा नव्हता.

अण्णांच्या ओळखीचे मुनीरभाई पेणलाच गाड्यांचं वायरिंग करतात. त्यांच्या दुकानाच्या दोन्ही अंगांना गणपतीचे कारखाने. माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, गणपती दिसायला लागतो तो श्रावणात. इथे डिसेंबरातही मांडवात ओळीने पांढरेफटक, डोळे नसलेले गणपती वाळत बसले होते, आणि कामगार त्यांच्यामधून विड्या ओढत ये-जा करत होते. आमच्या गाडीतला गणपतीही इथलाच. सासूबाईंनी खास गाडीसाठी घेतलेला, तळहाताएवढा. त्याच्यामागे छोटा लाल दिवा होता, ब्रेक दाबला की लागायचा. त्या काळात असा दिवा बहुतेक गाड्यांमध्ये असे.

“उडतो कदी, अण्णा?” मुनीरभाईंनी विचारलं. “चढावर का उतारावर?”

“मनाला येईल तेव्हा.”

“मग ती गाडी नाय रायली, बाईमाणूस झाली.”

“बाईमाणूस इथेच उभं आहे, मुनीरभाई,” मी म्हटलं. त्यांनी जीभ चावली आणि घाईघाईने डॅशबोर्डखाली उताणे पडले.

दोन वायरींना जोडलेला एक बारका दिवा घेऊन ते कुठे कुठे टोचून बघत होते. मागचे दिवे काढले, पुसले, बसवले. हॉर्न सोडवला, जोडला. मला कंटाळा आला तशी मी पापडांच्या दुकानाकडे वळले. पेणचा पोह्याचा पापड आमच्या घरी सगळ्यांना आवडतो. दुकानातल्या बाई पीठ कुटून घेत होत्या. मी पापडांच्या मागे लागले तर त्यांनी आधी एक लाटी तेलात बुडवून माझ्या हातावर ठेवली.

“आदी ह्यो खा गो. मंग पापड बग.”

आम्ही साताऱ्याला उडदाची लाटी अशीच खातो, पण ही त्याहून मऊ, कमी तिखट आणि जरा गोडसर. मी आणखी एक मागून घेतली. पापड घेऊन परतले तेव्हा मुनीरभाई नवा फ्यूज बसवून हात पुसत होते.

“सगली लायन बघितली,” ते म्हणाले. गणपतीकडे बघून त्यांनी हात छातीला लावला. “बाप्पाची तेवढी सोरून. तिला हात नाय लावला. गाडीत काय नाय, अण्णा.”

“त्याची कशाला बघायची? तो तर लागतोय,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी ब्रेक दाबून दाखवला. गणपतीमागचा दिवा झळकला. आम्हा तिघांनाही बरं वाटलं. हॉर्नही वाजला, आणि आम्ही निघालो.

गडब

वडखळ मागे पडलं. डोलवीला कारखान्याच्या बाहेर ट्रकांची रांग होती आणि रस्त्याकडेची झाडं धुळीने एकाच रंगाची झालेली. पुढे जरा मोकळं झालं. भात कापून झालेल्या खाचरांमध्ये वाल पेरलेला होता, दूर खाडीच्या अंगाला मिठाचे ढीग चमकत होते. अण्णा गुणगुणायला लागले. मी पापडाच्या पुड्यातला एक तुकडा मोडून कच्चाच तोंडात टाकला.

गडबच्या अलीकडे रस्ता पार उखडलेला होता. गाडी हिंदकळत चाललेली आणि डावीकडच्या झाडोऱ्यातून एक म्हैस संथपणे रस्त्यावर आली. अण्णांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. आणि मागून असा काही कर्कश आवाज आला, की मी मान वळवून पाहिलं तर मागची काच ट्रकच्या तोंडाने भरून गेली होती. लोखंडाच्या सळ्या भरलेला ट्रक. त्याच्या आणि आमच्यामध्ये एखादा माणूस आडवा शिरला असता तर शिरला असता, एवढीच जागा.

ड्रायव्हर उतरून आला. “ओ म्हातारबा! दिवं लागत नाय तं गाडी कशाला काडता? आता मेला असता, बाईला बी मारला असता!”

फ्यूज पुन्हा उडाला होता. अण्णांनी त्याला हात जोडले. अण्णांना कुणापुढे असे हात जोडताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

गाडी चहाच्या टपरीशी घेतली. बघता बघता माणसं जमली, आणि प्रत्येकाला वायरिंगमधलं कळत होतं. एकाच्या साडूच्या टेम्पोला असंच व्हायचं. दुसऱ्याच्या मते बॅटरीत पाणी जास्त झालं होतं. तिसऱ्याने सिगारेटचं पाकीट काढून आतली चांदी फाडली. “ही गुंडाला फ्यूजला. जलमात उडायचा नाय.”

“फ्यूज उडतो म्हणून गाडी वाचते,” अण्णा म्हणाले. “चांदी लावली तर गाडीच पेटायची.” नवा फ्यूज त्यांनी स्वतः बसवला. मग सगळ्यांनी मिळून उभ्या गाडीचा ब्रेक दाबून बघितला, पुन्हा पुन्हा. काही होईना. दिवे लागत होते, विझत होते, पोरंटोरं टाळ्या पिटत होती.

मिठागरावर काम करणारे एक म्हातारे गृहस्थ काचेतून आत बघत उभे होते. ते म्हणाले, “देव जागा हाय. त्यानंच राकलं तुमाला.” यावर एकेकाने गणपतीला नमस्कार केला. मीही केला.

टपरीवाल्याने मला पाण्याचा पेला दिला. तो ओठापर्यंत नेईस्तोवर अर्धं पाणी माझ्या साडीवर सांडलं. अण्णांनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

तिथून पुढे नागोठणं आणि भिसे खिंड असा सगळा रस्ता अण्णांनी उजवा हात खिडकीबाहेर काढून गाडी चालवली. वेग जरा कमी करायचा झाला तरी हात वरखाली हलवून मागच्याला सांगायचे. फ्यूज नवा होता, दिवे लागत होते, पण त्यांचा भरवसा उडाला होता. खिंडीतलं रान सुंदर आहे असं म्हणतात. मला त्यातलं एक झाड आठवत नाही. मी नजर समोर लावून ओठातल्या ओठात राम राम म्हणत होते.

रोहा

“ये गो शैला, ये! आन दादा, तू किती वाललास रे!” आत्या अंगणातच उभ्या होत्या. लग्न होऊन रोह्याला आल्या त्याला उभा जन्म झाला. आता अण्णांची भाषा आणि त्यांची भाषा भावाबहिणीची वाटत नाही. अण्णा त्यांना यावरून चिडवतात आणि त्या म्हणतात, “माजीच खरी हाय. तुजी पुस्तकातली.”

घर लहान पण नेटकं होतं. आत्यांचा मुलगा विनू धाटावला कंपनीत आहे. तिन्ही शिफ्ट कराव्या लागतात, कधी कंपनीच्या बसने, कधी स्कूटरवर. आत्यांचे गुडघे धरलेले, त्यांना डॉक्टरकडे न्यायचं तर रिक्षा शोधत फिरायचं. हे सगळं त्या रात्री जेवताना बोलण्यात आलं. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. आमच्याकडे भाकरी म्हणजे बाजरीची, कडक, खरपूस. इथली पांढरी आणि रुमालासारखी मऊ. मी तीन खाल्ल्या. अण्णा एकीवर उठले. रस्त्यात काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मग मीही नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांत झाली. पंगती उठल्या, पाहुणे पांगले. मी ओसरीवरची ताटं उचलत होते. अण्णांनी विनूला बोलावलं, पाटावर बसवलं, त्याच्या हातात नारळ दिला आणि नारळावर गाडीची किल्ली ठेवली.

“तुझ्या घराचा आहेर राहिला होता,” ते म्हणाले.

“मामा, ही काय चेष्टा!”

“चेष्टा नाही. आईला डॉक्टरकडे नेत जा. फ्यूजची एक भानगड आहे तिच्यात. कंपनीतल्या इलेक्ट्रिशियनला दाखव आणि ती सापडेपर्यंत हमरस्त्यावर काढू नकोस. मला आता ती धावपळ होत नाही.”

“दादा, तुला येड लागलं काय?” आत्या म्हणाल्या. “जीव हाय तुजा त्या गाडीत.”

मी ताटं घेऊन तशीच उभी. ‘अण्णा, नको’ हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते, हे खरं. पण त्याच्या आधी काय झालं तेही सांगायला हवं. मला हायसं वाटलं. आता परत जाताना त्या सीटवर बसायचं नाही, एवढंच आधी मनात आलं. त्या एका क्षणात ‘नको’ म्हणायचं राहून गेलं, आणि मग विनू वाकून त्यांच्या पाया पडला.

सकाळी गाडी अंगणात धुऊन उभी केली. विनूच्या बायकोने, सुरेखाने, तिला हळदकुंकू लावलं. ओवाळणार तेवढ्यात आत्यांनी तिला थांबवलं.

“दादा, गाडी दे. पन देव नाय द्यायचा हां. वैनीनं आनलेला हाय तो. त्याला घरी ने.”

अण्णांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. ते मुकाट्याने आत बसले, गणपतीला नमस्कार केला, आणि मूर्ती हलवून हलवून डॅशबोर्डवरून सुटी केली. मूर्तीबरोबर मागच्या दिव्याची वायर भोकातून वर आली. अण्णा ती बघतच राहिले. मग त्यांनी ती बाहेर आणून उजेडात धरली.

पत्र्याच्या भोकातून ती जिथे आत शिरत होती, तिथे तिचं लाल आवरण पार घासून गेलं होतं. आतली तांब्याची तार उघडी पडून काळी झाली होती.

कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ब्रेक दाबला की या वायरीत वीज यायची. नेमका त्याच वेळी रस्त्यात धक्का बसला, की उघडी तार पत्र्याला लागायची आणि फ्यूज उडायचा. गाडी उभी असली की ती लागायची नाही. मेकॅनिककडे गाडी उभीच असायची.

“एवढंच होतं?” विनू म्हणाला.

“एवढंच,” अण्णा म्हणाले.

मुनीरभाईंनी या वायरीला हात लावला नव्हता, दुसऱ्याचा देव म्हणून. गडबच्या लोकांनी तर तिलाच नमस्कार केला. ठाण्याच्या मेकॅनिकांनी तेच केलं असणार. आणि आम्ही घरच्यांनी कधी लावला नाही, कारण मूर्ती सासूबाईंनी बसवली होती. देव सोडून आम्ही सगळी गाडी तपासली होती. तो हलवायची वेळ आली ती गाडी दिल्यावर.

विनूने वायर कापली, टोकाला टेप गुंडाळली आणि गाडी घेऊन धाटावच्या रस्त्याने गेला. मुद्दाम खड्ड्यांतून, मुद्दाम ब्रेक मारत. परत आला तो हॉर्न वाजवत, हसत हसत. अंगणात उतरला आणि अण्णांचा चेहरा पाहून त्याचं हसू गेलं. त्याने किल्ली पुढे केली.

“मामा, बिघाड मिलाला. न्या तुम्ही गाडी. मला काय वाटायचं नाय, आईशप्पथ.”

“घ्या ना, अण्णा,” मी म्हणाले. आता म्हणाले! आदल्या दिवशी ताटं हातात धरून जे म्हणायला हवं होतं, ते आता.

“वास्तूचा आहेर परत घेतात का?” अण्णा म्हणाले. “कालच घर उभं राहिलंय त्याचं. असलं काही बोलू नका.” आणि सुरेखाला म्हणाले, “तू ओवाळ ग, निरांजन विझेल.”

परत

आम्हाला एसटी स्टँडवर सोडायला विनू गाडी काढत होता. अण्णांनी त्याला नको म्हटलं आणि रिक्षा केली. एसटीत दोघांना शेजारी जागा मिळाली. पंच्यात गुंडाळलेला गणपती त्यांच्या मांडीवर होता. नागोठणं आलं आणि मला राहवेना.

“अण्णा, मी घाबरले नसते तर तुम्ही गाडी दिली नसती.”

त्यांनी नाही म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. पण अण्णा खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा दोष आहे.

“गाडीचं मी बघून घेतलं असतं, शैला. आज ना उद्या सापडलंच असतं,” ते म्हणाले. “पण तू राम राम म्हणत होतीस ना, ते मला ऐकू येत होतं. थेट रोह्यापर्यंत. शेजारी बसलेल्या माणसाला देवाचा धावा करायला लागतो म्हटल्यावर गाडी कशाला चालवायची?”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. ओठातल्या ओठात म्हणत होते, असं मला वाटलं होतं. मी त्यांना तेव्हाच काहीतरी बोलले असते, रडले असते, चिडले असते, तर त्यांनी मला वेड्यात काढून विषय संपवला असता. मी गप्प राहिले ते त्यांना दुखवू नये म्हणून, आणि तेच त्यांना सर्वात जास्त लागलं. गडब कधी मागे पडलं ते कळलं नाही. घरी आल्यावर ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “झालं ते बरंच झालं.” मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.

मे महिन्यात विनू गाडी घेऊन ठाण्याला आला. सोबत आत्या, पोह्यांचं पोतं आणि आंबे. गाडी नुसती लखलखत होती. रोह्याहून निघाल्यापासून एकदाही काही झालं नाही, आणि डिसेंबरपासून तो फ्यूज उडालेलाच नाही, असं त्याने जिन्यातच सांगितलं. संध्याकाळी सगळे तलावपाळीवर जायला निघालो. विनूने किल्ली अण्णांपुढे धरली. “मामा, तुम्ही चालवा. किती दिस झाले.”

अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बॉनेटला वळसा घालून ते पलीकडे गेले, मागचं दार उघडलं आणि बहिणीशेजारी जाऊन बसले, पाहुणे बसतात तसे, हात गुडघ्यांवर ठेवून.

“अण्णा, निदान पुढे तरी बसा,” मी म्हटलं.

“पुढे तू बस,” ते म्हणाले. अगदी साधेपणाने, त्यात टोमणा नव्हता. “आता तुला भीती नाही वाटायची.”

मी पुढे बसले.